गिरीवरून आणलेलं घर

१

मालदीवातल्या हिरुंदफुशी बेटाच्या धक्क्यावर दिवसाचा पहिला वाद पाण्यावरून होतो. पाणी आत येतंय की बाहेर चाललंय, कंडूत जायचं, थिलावर जायचं, की मुकाट्याने गिरीवर. होडीचा कप्तान झकरिय्याबे गालात सुपारी धरून पाण्याकडे बघत उभा राहतो. पाहुण्यांना घेऊन पाण्याखाली उतरायचं काम रऊफाचं. ती झकरिय्याबेच्या तोंडाकडे बघत उभी राहते. पाणी वाचण्यापेक्षा त्याचं तोंड वाचणं सोपं, असं तिचं मत आहे.

त्या दिवशी तो म्हणाला, "कंडू नको. पाणी चिडलंय."

"कालही चिडलेलंच होतं."

"मग? तुझ्यासारखंच आहे ते. एकदा चिडलं की आठवडाभर कुणाशी धड बोलत नाही."

रऊफा हसली आणि हवेच्या टाक्या होडीत चढवायला लागली. त्याचं खरं होतं. कंडू म्हणजे बेटांभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यातली खिंड. भरतीचं पाणी तिथून आत घुसतं तेव्हा शार्कसुद्धा प्रवाहाकडे तोंड करून गप उभे राहतात. नवख्या माणसाने तिथे जाऊन शहाणपणा दाखवू नये. थिला त्यापेक्षा बरा, पण तो बुडालेला डोंगर, त्याचं डोकं कधीच पाण्याबाहेर येत नाही, आणि माणूस एकदा त्याच्यावरून वाहून गेला की शोधण्यात सकाळ जाते. बरोबरचे जर्मन नवरा-बायको कित्येक वर्षांनी पाण्यात उतरत होते. त्यांच्यासाठी राहता राहिली गिरी. गिरी म्हणजेही पाण्यातला डोंगरच, पण तिचा माथा इतका वर असतो की ओहोटीला त्याच्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहता येतं. बाजूने मात्र ती चांगली खोल उतरते.

हिरुंदफुशीची गिरी पाहुण्यांना आवडत नाही. तिथे बघायला काही नाही. तिचा जिवंत प्रवाळ गावाने फार पूर्वी तोडून नेला आणि त्याची घरं बांधली. पुन्हा तो उगवला नाही. उरला तो चुरा, वाळू आणि दगड काढलेल्या जागांचे चौकोनी खड्डे. आणि ही गिरी मुकी आहे. जिवंत प्रवाळावर गेलं की कानात सारखी तडतड असते, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी; दगडांच्या फटींत बसलेल्या बारक्या कोळंब्या चिमटे वाजवत असतात. पाणबुड्यांना तो आवाज इतका सवयीचा की तो आहे हे त्यांना कळतच नाही. गिरीवर तो नसतो, तेव्हा कळतं.

जर्मन जोडप्याला तासाभरात वर काढून रऊफा दुपारी घरी आली. आतल्या खोलीत तिचे वडील उंदोलीवर, म्हणजे छताला टांगलेल्या लाकडी झोपाळ्यावर, झोपले होते. वर्षभरात त्यांचं उठणं-चालणं जवळपास संपलं होतं. तिने वाकून त्यांची उशी सारखी केली आणि ती वाकलेलीच राहिली.

भिंत तडतडत होती.

२

रऊफा भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. ती आधी पालीकडे गेली. मग वाळवीकडे. मग छताच्या पत्र्याकडे, कारण ढग आला की तापलेला पत्रा वाजतो. शेवटी ती स्वतःच्या कानांकडे आली. वर्षानुवर्षं पाण्याखाली जाणाऱ्यांचे कान म्हातारपणाची वाट बघत नाहीत, हे तिला माहीत होतं. कानांत तिने बोटं घातली आणि इथे ती समाधानी व्हायची तर उलट अस्वस्थ झाली, कारण कान बंद करताच तडतड थांबली, म्हणजे ती कानांत नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. जमिनीवर कुठलाही आवाज कुठून तरी येतो. मान वळवली की कळतं, डावीकडून की उजवीकडून. पाण्याखाली ते कळत नाही. तिथे आवाज सगळीकडून एकदम येतो. खोलीतला आवाज तसा येत होता.

तिची मावसबहीण वफिय्या शेजारीच राहायची. रऊफा समुद्रावर असली की म्हाताऱ्याजवळ तीच बसायची. रऊफा तिला दैता म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"दैता, तुला या खोलीत काही ऐकू येतं?"

"येतं ना. तुझ्या बापाचं घोरणं," वफिय्या खोवणीवर नारळ खवत म्हणाली. "पलीकडच्या बेटावरच्या लोकांनाही येत असेल."

"तसं नाही. भिंतीतून."

वफिय्याने हात थांबवून ऐकल्यासारखं केलं. "भिंत जुनी आहे गं. म्हातारी माणसं कुरकुरतात, तशी भिंत कुरकुरते. तू जेवलीस का? मस हुनी केलंय, रोशी गार होतेय."

भिंत खरोखरच जुनी होती, आणि ती दाऊदबेने, म्हणजे रऊफाच्या बप्पाने, स्वतः पाण्यातून वर आणली होती. तेव्हा टाक्या नव्हत्या, पायातले पंखे नव्हते. छाती भरून घ्यायची, पहार घेऊन खाली जायचं, प्रवाळाचा दगड उचकटून दोराला बांधायचा आणि वर यायचं. वरची माणसं तो ओंडक्यांच्या तराफ्याखाली लटकवून किनाऱ्यावर ओढत न्यायची. दाऊदबेएवढा वेळ खाली कुणीच राहू शकत नसे. तो मेला असं समजून तराफ्यावरच्यांनी दुआ म्हणायला सुरुवात करावी आणि त्याने दात विचकत वर यावं, असं अनेकदा झालं होतं. लग्नाआधीची सगळी उमेद त्याने त्या दगडांत घातली. नवीन नवरीला त्याने याच घरात आणलं, आणि तिने याच भिंतीला समुद्री निळा रंग लावून घेतला. आता तसे दगड काढायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे.

दोन दिवसांनी तडतडीत दुसरा आवाज मिसळला. कर्र, मग थांबणं, मग पुन्हा कर्र. रऊफा दारात चहाचा पेला घेऊन उभी होती. हा आवाज तिने हजार वेळा ऐकला होता. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो तेव्हा असाच आवाज येतो. तो प्रवाळ खातो, आणि मागून त्याची वाळू करून सोडतो. मालदीवातले निम्मे किनारे त्याच्या पोटातून गेलेले आहेत.

तिने चहा खाली ठेवला आणि बप्पाच्या डोक्यामागच्या भिंतीशी वाकली. पायथ्याशी पांढऱ्या वाळूची बोटभर ओळ पडली होती. चुन्याचा गिलावा झडतो, तो असाच पडतो, असं तिने स्वतःला सांगितलं. मग चिमूट घेऊन बोटांत चोळली. चुना असता तर त्याचं पीठ झालं असतं. ही बोटांना टोचत होती, आणि ओली होती.

तिने ती झाडून टाकली आणि वफिय्याला काही सांगितलं नाही.

३

बप्पाचा श्वास पहिल्यांदा थांबला तो असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, बांगेच्या थोडा आधी. रऊफा होडीवरून नुकतीच आली होती, केस अजून ओले होते आणि मनगटाला स्टीलची कांडी लटकत होती. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पाणबुडे अशी कांडी टाकीवर वाजवतात. एक ठोका म्हणजे इकडे बघ. दोन म्हणजे परत ये.

उंदोली हलायची थांबली होती. घोरणंही थांबलं होतं. म्हातारा शांत पडला होता आणि त्याची छाती वर होत नव्हती. रऊफाने वाट पाहिली, कारण झोपेत म्हाताऱ्यांचा श्वास अडखळतो हे तिला ठाऊक होतं. आणखी वाट पाहिली. मग तिने त्यांचा खांदा हलवला, हाक मारली, गालावर थापट्या मारल्या. चेहरा काही दुखल्यासारखा दिसत नव्हता. दिसत होता तो कामात गुंतलेल्या माणसाचा. भिंतीतली तडतड वाढली होती.

त्यानंतर तिने जे केलं ते विचार करून केलं नाही. तिचा हात गेला आणि तिने कांडीने भिंतीवर दोन ठोके मारले.

बप्पाने मोठा, शीळ घातल्यासारखा श्वास घेतला. पाण्यातून वर आलेली माणसं घेतात तसा. डोळे उघडून ते म्हणाले, "किती वेळ झाला?"

"कशाला किती वेळ, बप्पा?"

"खाली." मग ते तिच्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसले. "चहा टाक. घसा खारट झालाय."

आरोग्य केंद्रातल्या नर्सने तपासलं, छातीला यंत्र लावलं आणि सांगितलं की वय झालंय. तिच्या म्हणण्यात काही खोट नव्हती. ऐंशी वर्षांच्या माणसाचा श्वास झोपेत थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. ठोके वाजवा नाहीतर वाजवू नका. रऊफाने मान डोलावली. पण त्या दिवसापासून ती कांडी बप्पाच्या उशाशी, भिंतीतल्या लाकडी खुंटीला टांगलेली राहिली. समुद्रावर जाताना ती वफिय्याला बजावून जायची, "श्वास थांबला की हाका मारत बसू नकोस. भिंतीवर दोनदा वाजव."

"भिंतीवर? बाप भिंतीत बसलाय का तुझा?"

"वाजव गं."

वफिय्या हसायची, पण वाजवायची. आणि तिच्यानेही ते परत यायचे, म्हणून नंतर ती हसेनाशी झाली.

एकदा रऊफाने हिय्या करून विचारलं. "बप्पा, खाली काय करता तुम्ही?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "लावतोय," ते म्हणाले. "तोडले तेवढे लावायला नकोत?"

४

राजधानी मालेहून धाकट्या भावाचा, फयाझचा, फोन आला.

"शुक्रवारी येतोय मी. स्पीडबोटने. बप्पांना घेऊन जातो."

"कुठे? तुझ्या अकराव्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे. खाली उतरलं की हॉस्पिटल आहे. तुझ्याकडे काय आहे? नर्स आणि पॅनाडोलच्या गोळ्या."

"ते येणार नाहीत."

"त्यांना कोण विचारतंय? तू त्यांना त्या ओलसर खोलीत ठेवलंयस, दैता. छातीत पाणी होईल त्यांच्या. झालं तर मी तुला माफ करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

फयाझ वाईट मुलगा नव्हता. घाबरला की तो दरडावतो, हे ती त्याच्या लहानपणापासून पाहत आली होती. आणि त्याचं बोलणं खोडून काढायला तिच्याजवळ होतं काय? मालेतल्या भिंती काँक्रीटच्या आहेत, तिथे ठोके कुठे वाजवायचे, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार? तिला बापाला जिवंत ठेवायचं होतं, एवढंच. त्यासाठी त्यांना या खोलीतून काढायला हवं की या खोलीतून काढता कामा नये, हे तिला ठरवता येत नव्हतं. डोकं एक सांगत होतं आणि कान दुसरं.

तिने "बरं, ये," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीही पाणी चिडलेलंच होतं, त्यामुळे पुन्हा गिरी. जर्मन बाई आता छान तरंगायला लागली होती. रऊफा त्या दोघांना घेऊन उतारावरून खाली गेली, खोल बाजूला, जिथे दगड तोडल्याचे सगळ्यात मोठे खड्डे आहेत. मुक्या गिरीवर तिला एक आवाज ऐकू आला. कर्रक, कुर्रक. संथ, एका लयीत, मध्ये दम खात. तिला वाटलं होडीच्या दोराचा असेल. होडी तर खूप दूर होती. मग त्याच्यावर दुसरा आवाज आला, खसाखस, खसाखस. तो खोवणीवर नारळ खवण्याचा आवाज होता. पहिला होता बप्पाच्या उंदोलीचा.

सगळीकडून एकदम येत होता. मान वळवून उपयोग नव्हता.

जर्मन माणसाने तिला हाताने विचारलं, सगळं ठीक ना? तिने बोटांनी ठीकची खूण केली. ती खूण करताना तिची नजर त्याच्या मागे गेली. चौकोनी खड्ड्यांच्या ओळीतला एक खड्डा रिकामा नव्हता. त्यात एक दगड नीट बसवलेला होता, फटीत बोट जाणार नाही इतका घट्ट. त्याच्या समोरच्या अंगावर चुना होता आणि चुन्यावर निळा रंग. रंगाच्या कडेने नव्या प्रवाळाची तांबूस साय धरायला लागली होती.

वर आल्यावर तिने झकरिय्याबेला विचारलं, "इथे कुणी जुन्या घराचा राबिट टाकतं का?"

"टाकत असतील. मालेच्या ठेकेदारांना समुद्र म्हणजे कचऱ्याची पेटी वाटते. का गं?"

"काही नाही."

घरी जाऊन तिने भिंत तपासली. भिंत जागच्या जागी होती, निळी, सलग, कुठे भेग नाही. तिने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. दाराजवळ पोकळ वाजली. खिडकीखाली पोकळ. इंच-इंच पुढे सरकत ती उंदोलीपर्यंत आली, आणि फक्त बप्पाच्या डोक्यामागचा, लाकडी खुंटीच्या आसपासचा भाग भरीव वाजला.

बप्पा जागे होते. "झालंच आता," ते म्हणाले, तिची समजूत घालावी तसं.

५

शुक्रवारी सकाळी फयाझची बोट निघाल्याचा निरोप आला, आणि जर्मन जोडप्याला परत जाण्याआधी एकदा पाण्यात उतरायचं होतं. रऊफा जाणार नव्हती. पण घरात बसून वाट बघणं तिला जमेना. सामान बांधलं होतं, बप्पांनी गरुधियातला, माशाच्या सारातला, भात दोन घास जास्त खाल्ला होता, त्यांचा श्वास नीट चालला होता. वफिय्या उशाशी बसली होती.

"जा," वफिय्या म्हणाली. "तू अशी येरझारा घालत राहिलीस तर मीच समुद्रात उडी मारीन."

"कांडी—"

"इथे आहे. दोनदा. मला पाठ झालंय."

पाण्याखालचा तास बिनआवाजाचा गेला. तो दगडही तिला दिसला नाही, किंवा तिने त्या बाजूला जायचं टाळलं. पाहुणे होडीवर चढले, त्यांनी टॉवेल गुंडाळले, झकरिय्याबेने नांगर ओढायला घेतला. नांगर येईना. खालच्या चुऱ्यात कुठेतरी अडकला होता.

"मी सोडवते. टाकीत हवा आहे," रऊफा म्हणाली.

"एकटी?"

"पाच मिनिटांचं काम आहे."

नवशिके एकटे खाली जात नाहीत, त्यांना भीती वाटते. ही चूक जाणतीच माणसं करतात. तिने दोर धरला आणि ती खाली गेली. नांगराचा दात दगडाखाली शिरला होता. तिने तो उपसून मोकळा केला, दोर दोनदा हिसकला, वरून झकरिय्याबेने तो ओढून घेतला. तिने वर जायला पाय मारला, आणि तेव्हा कर्रक, कुर्रक सुरू झालं.

आज ते जवळ होतं.

ती उताराच्या कडेवरून खाली वाकली. काल खड्डे होते तिथे आज खड्डे नव्हते. निळी भिंत होती. आडवी, सलग, प्रवाळाच्या सायीने जागोजागी तांबूस झालेली, आणि तिच्यावर बारकी मासोळी चरत होती. गिरी तडतडत होती, तिने आयुष्यात प्रथमच तिला तडतडताना ऐकलं. भिंतीच्या मध्यावर दार होतं. त्याची उंची तिला ओळखीची होती, कारण त्या दाराच्या चौकटीवर तिचं कपाळ अनेकदा आपटलेलं होतं.

आत अंधार होता, आणि अंधारात काहीतरी मागेपुढे होत होतं. ती दाराशी आली. उजेडाच्या रेषेत प्रत्येक झोक्याला उंदोलीची कड यायची आणि परत जायची. मग कडेवरून खाली सोडलेली एक टाच आली आणि गेली. पुन्हा आली. टाचेवर बप्पाचा तो पहारेच्या जखमेचा आडवा व्रण होता.

तिला भीती वाटली नाही, हे सगळ्यात वाईट. तिला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तिला काही ठरवायला सांगत नव्हतं. आत जावं, उंदोलीला एक झोका द्यावा, जवळ बसावं, एवढंच तिला वाटत होतं. चौकटीवर तिने हात ठेवला. दगड ऊबदार होता.

ठक. ठक.

तिने मान वर केली. आवाज सगळीकडून आला.

ठक. ठक.

दोन. दोन म्हणजे परत ये.

मग ते ठोके थांबेनात. घाईने, वेडेवाकडे, जीव खाऊन कुणीतरी वाजवत होतं, आणि तेव्हा रऊफाच्या लक्षात आलं की बाकी सगळं फार शांत आहे. पाणबुड्याच्या कानात एक आवाज सारखा असतो, स्वतःच्या बुडबुड्यांचा. तो येत नव्हता. तिने हवेच्या काट्याकडे पाहिलं. नांगर सोडवताना जिथे होता तिथेच तो होता. टाकीत हवा होती, नळी तोंडात होती, आणि ती श्वास घेत नव्हती. पाण्याखाली श्वास धरायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकवायचा पहिला धडा. ती स्वतः तो शिकवत होती. कधीपासून धरला होता, तिला आठवेना.

तिने ओढून श्वास घेतला. छाती फाटल्यासारखी दुखली. समोर दार नव्हतं. चुरा होता, वाळू होती, चौकोनी खड्डे होते. ती सावकाश वर निघाली, कारण घाईने वर येणारा मरतो, आणि माथ्याजवळ थांबायचं तेवढं थांबली. त्या थांब्यात ती होडीतून सोडलेल्या दोराला धरून लोंबकळत होती आणि ठोके ऐकत होती. ते मंद होत गेले. मग एक आला. मग एकही आला नाही. तिला वर झेपावता येत नव्हतं आणि खाली जाता येत नव्हतं, आणि चष्म्याच्या आत ती रडत होती.

झकरिय्याबेने तिला बगलेत हात घालून होडीत ओढलं. एरवी पानसुपारीने लाल असलेले त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बुडबुडे थांबले होते तुझे," तो म्हणाला. "मी उडी मारणार होतो. कुठे होतीस? काय करत होतीस?"

"घरी चला," रऊफा म्हणाली.

६

दारात वफिय्या बसली होती. तिने रऊफाला बघून पदर तोंडाला लावला.

"चांगले झोपले होते," ती म्हणाली. "एकदम उठून बसले. वर्षभरात स्वतःचे स्वतः बसले नाहीत ते. मला म्हणाले, पोरगी फार वेळ खाली आहे. मी म्हटलं, येईल, तिचं कामच आहे ते. ऐकेनात. खुंटीवरची कांडी ओढून घेतली आणि भिंतीवर मारत सुटले. मी धरायला गेले तर मला ढकललं गं. त्या हातांत कुठून आलं बळ? मारताहेत, मारताहेत, आणि मग म्हणाले, आली. मग पडले."

आतल्या खोलीत उशाशी गिलावा फुटून खाली आला होता. खुंटीच्या आजूबाजूला निळा रंग उडाला होता आणि आतला प्रवाळाचा दगड दिसत होता, पांढरा, कोरडा, जुन्या घरांत असतो तसा. रऊफाने त्यावर हात ठेवला. तो गार होता. खोलीत कसलाही आवाज नव्हता. धक्क्याकडून फयाझच्या बोटीचा भोंगा ऐकू आला.

तिने बप्पाच्या मुठीतून कांडी सोडवली. बोटं उलगडताना तिला रडू आवरलं नाही, आणि तिने आवरलंही नाही.

७

जुम्म्याची नमाज झाल्यावर दाऊदबेला पुरलं. सगळं बेट आलं होतं. फयाझने खड्ड्यात उतरून बापाला स्वतः खाली ठेवलं आणि वर आला तेव्हा तो लहान मुलासारखा दिसत होता. संध्याकाळी तो तिला म्हणाला, "दैता, हे घर मोडून टाकू. तू चल माझ्याकडे."

"बघू," ती म्हणाली.

"मी रागावून बोललो त्या दिवशी."

"तू नेहमीच रागावून बोलतोस. जेव आता."

तो परत गेला. पाहुणे कमी झाले, वारा फिरला, झकरिय्याबेने सांगितलं की पाणी निवळलं आहे. रऊफा कंडूत गेली, थिलावर गेली. गिरीचं नाव निघालं की झकरिय्याबे आपणहून दुसरीकडे बघायचा. कांडी तिने पुन्हा त्या खुंटीला टांगली होती. होडीवर तिच्याऐवजी एक साधा लोखंडी बोल्ट चालत होता.

एका दुपारी दोन खेपा करून ती दमून आली. वफिय्या बाजारात गेली होती. आतली खोली गार होती, म्हणून रऊफा जरा पडावं म्हणून उंदोलीवर आडवी झाली. बप्पा गेल्यापासून ती त्यावर बसलीही नव्हती. छताच्या कड्या दोनदा करकरल्या आणि गप झाल्या. भिंत मुकी होती. तिला झोप लागली.

ठक. ठक.

तिच्या छातीत हवा शिरली, एकदम, शीळ घालत, आणि ती शिरली तेव्हाच तिला कळलं की छाती रिकामी होती. घसा खारट झाला होता. ती उठून बसली. दुपार कलली होती, उन्हाचा पट्टा खिडकीवरून पायांपर्यंत सरकला होता. घरात कुणी नव्हतं. कांडी खुंटीवर होती आणि हलत नव्हती.

रऊफाने तळहात उघड्या दगडावर टेकला आणि रिकाम्या खोलीत, हळू आवाजात विचारलं, "किती वेळ झाला, बप्पा?"

आणि कान लावून बसली.